गाडी रस्त्यावरून नदीत: पणजी, चोडण, दिवाडी

शुक्रवार

भाच्याला पाण्यात उतरणारी बस हवी होती. सांगलीहून निघण्याआधी आठवडाभर तो फोनवर मला तिच्याबद्दलच सांगत होता. बॉस्टन शहरात पर्यटकांना घेऊन एक बस रस्त्यांवरून फिरते, जुन्या इमारती दाखवते आणि मग उतारावरून थेट चार्ल्स नदीत शिरते. त्याने वहीत तिचा इतिहासच उतरवून घेतला होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेने अडीच टनी ट्रकच्या सांगाड्यावर बोटीचं कवच चढवून ही सहा चाकी गाडी तयार केली. अशा २१,००० हून अधिक गाड्या बनल्या. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जहाजांतून सामान उतरवायला त्या होत्या. युद्ध संपल्यावर १९४६ पासून विस्कॉन्सिनमध्ये त्याच गाड्यांतून लोकांना सहली घडू लागल्या, आणि बॉस्टनच्या फेऱ्या १९९४ मध्ये सुरू झाल्या. "मावशी, ड्रायव्हर बसल्या जागेवरून टायरमधली हवा कमी-जास्त करायचा!" हे त्याला सगळ्यात आवडलं होतं. वाळूवर चढताना हवा कमी, पक्क्या रस्त्यावर जास्त.

ताईने मात्र दुसरीच बातमी वाचली होती. जुलै २०१८ मध्ये मिसुरीतल्या एका तलावात वादळात अशीच गाडी बुडाली आणि ३१ पैकी १७ जण गेले. वरचं छत आणि बाजूचे पडदे यांनी बाहेर पडायची वाट अडली, असं चौकशीत पुढे आलं. त्यामुळे ताईचा या बेताला फारसा होकार नव्हता. पणजीतही काही वर्षांपूर्वी अशी गाडी आली होती, पण या सुट्टीत आम्हाला तिची फेरी मिळाली नाही. भाचा हिरमुसला. मी त्याला म्हटलं, "आपली गाडी घेऊनच नदीत जाऊ. रोज जाऊ."

मंडळी आंबोली घाटाने दुपारी म्हापशाला आमच्या घरी आली. ताई, भावोजी, आई आणि दोन मुलं. चहा झाल्यावर आम्ही दोघं आणि ही पाच अशी सगळी एकाच गाडीत बसलो. म्हापशाहून पणजीला जाणारा प्रत्येक जण पर्वरी उतरून पुलावर चढतो. आम्ही पुलाआधी वळून बेतीला खाली उतरलो, फेरीबोटीच्या धक्क्यावर.

हे मी मुद्दाम केलं. पणजीचं तोंड नदीकडे आहे. पुलावरून आलं की हे शहर पाठीमागून भेटतं, आधी बसस्टँड, मग सिग्नल, मग गर्दी. बेतीच्या धक्क्यावरून ते समोरून येतं. मांडवीच्या काठाने रस्ता, त्याला लागून पांढऱ्या-पिवळ्या इमारती, मागे आल्तिनोची हिरवी टेकडी. ज्यांनी हे शहर बांधलं ते पाण्यावरूनच येत-जात होते, म्हणून त्यांनी दर्शनी भाग पाण्याकडे ठेवला.

फेरीबोट टेकली, लोखंडी रॅम्प धक्क्यावर खाली पडला, आधी दुचाक्या धडधडत उतरल्या आणि मग आमची पाळी. "फुडें घे, फुडें घे," म्हणत खलाशाने हाताने खुणा करत गाडी अगदी कडेला लावून घेतली. गाडीची चाकं रस्त्यावरून लोखंडावर गेली तो आवाज ऐकून भाचा सीटवरच उभा राहिला. पुढच्या क्षणी काठ मागे सरकायला लागला. आम्ही गाडीतून उतरून कठड्याशी उभे राहिलो. पायी येणाऱ्याला इथे तिकीट लागत नाही. कामावरून परतणाऱ्या बाया, कॉलेजची मुलं, मासळीची पाटी घेतलेली एक आजी, सगळे त्याच डेकवर. ताईने आधी जीवरक्षक कडी आणि जॅकेटं कुठे आहेत ते विचारून घेतलं, आणि मला ते योग्यच वाटलं.

माझे सासरे पणजीत नोकरीला होते. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला. १९७० मध्ये सुरू झालेला पूल, सोळा वर्षांत गेला. नवा होईपर्यंत बार्देशातल्या, म्हणजे म्हापशाकडच्या तालुक्यातल्या, नोकरदारांचा सगळा भार याच फेरीबोटींवर आला. तेव्हाच्या रांगांची आठवण ते अजून काढतात. आज वरच्या अंगाला तीन पूल दिसतात, त्यातला २०१९ चा अटल सेतू तारांवर तोललेला आणि सगळ्यात उंच. तरी ही बोट चालू आहे, आणि ती चालू राहावी असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट खटकते. नदीच्या मध्यावर नांगरलेली कॅसिनोंची जहाजं शहराचा चेहरा झाकतात. रात्री त्यांचे दिवे इतके प्रखर असतात की मागची आदिलशाही इमारत ओळखूच येत नाही. आम्ही उजेड असताना गेलो ते त्यासाठीच.

ती इमारत म्हणजे आदिलशहाचा नदीकाठचा वाडा. १५१० नंतर तो पोर्तुगीजांकडे गेला. जुन्या गोव्यात साथीच्या रोगांनी राहणं कठीण झालं तेव्हा १७५९ मध्ये व्हाइसरॉय याच वाड्यात राहायला आला, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मुक्तीनंतर गोव्याची विधानसभा कित्येक वर्षं इथेच भरत होती. वाड्याशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा गोव्याचा पाद्री पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करायचा. हात पुढे केलेला तो आणि समोर कोसळती स्त्री, हे बघून धाकटी भाची घाबरून आजीला बिलगली.

मग चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या, फोंतेन्हासच्या रंगीत गल्ल्या. त्यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. दारासमोर फोटो काढू नका अशा पाट्या तिथल्या लोकांना लावाव्या लागतात एवढंच सांगते, आणि त्या पाळाव्यात. रात्री पातळभाजी, पाव आणि गोड बन खाऊन परत बेतीच्या बोटीने.

शनिवार

सकाळी लवकर निघालो, कारण चोडणच्या खारफुटीत होडी जाते ती भरतीच्या वेळेनुसार. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाड्यांत चिखल उरतो.

पणजीहून रायबंदरला जाणारा जुना रस्ता म्हणजे एक पूलच आहे, पण तसं कुणाला कळत नाही. लिन्यारिसच्या काउंटने, म्हणजे तेव्हाच्या व्हाइसरॉयने, १६३३-३४ मध्ये दलदलीतून हा सुमारे तीन किलोमीटरचा बांध घातला. जांभ्या दगडाचा, खाली पाणी इकडून तिकडे जायला कमानी. रोज बसेस, ट्रक, पाण्याचे टँकर त्यावरून धावतात. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला पाणथळ आणि मिठागरं. जानेवारीत मिठागरांच्या वाफ्यांत पाणी घेऊन ते आटवायचं काम चालू असतं. भावोजी शेतकरी माणूस, त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि बराच वेळ बांधांची आखणी बघत उभे राहिले.

रायबंदरहून चोडणची फेरी. २०२५ पासून या मार्गावर मोठ्या रो-रो बोटीही आल्या आहेत, आम्हाला जुनी मिळाली. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती गाडीतच बसून राहिली. खिडकी खाली करून तिने नदीचं वारं घेतलं. पलीकडे उतरल्यावर लगेच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागतं. चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला, १७८ हेक्टरचं, १९८८ मध्ये जाहीर झालेलं. क्षेत्र छोटं आहे, पण सगळं खारफुटीचं.

होडीवाल्या दादांनी आधी सगळ्यांना जॅकेटं घातली. मोटार बंद करून वल्ह्यावर घेतलं, नाहीतर पक्षी उडतात. खाडी अरुंद होत गेली आणि दोन्ही बाजूंनी मुळंच मुळं. कांदळाची मुळं कमानीसारखी वरून खाली चिखलात रोवलेली, तिवराची मात्र खालून वर, पेन्सिलीएवढी, हजारोंनी चिखलातून डोकावणारी. तिवर या मुळांनी श्वास घेतो, कारण भरतीने भिजलेल्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतो. दादांनी तिवराचं एक पान वाकवून मुलांच्या पुढे धरलं. "चाटून पळय." दोघांनी चाटलं. खारट! मुळांतून आत आलेलं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं आणि त्याचे कण पानाखाली साठतात. कांदळाची तऱ्हा वेगळी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, लांब शेंगेसारखं लोंबतं आणि गळून पडलं की चिखलात उभं राहतं किंवा तरंगत दुसरीकडे जाऊन रुजतं.

खंड्या दिसले, बगळे दिसले, पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे दिसले, ब्राह्मणी घार अगदी डोक्यावरून गेली. पण मुलांचं लक्ष वेधलं ते निवट्यांनी. बोटभर मासा, डोळे डोक्यावर आलेले, पुढच्या परांवर सरपटत चिखलावरून चालतो, मध्येच उडी मारतो, मुळावर चढून बसतो. त्वचा ओली असेपर्यंत तो हवेतला श्वास घेऊ शकतो. भाच्याने होडीच्या कडेला पालथं पडून किती वेळ ते पाहिलं. त्याच्या वहीतल्या गाडीला जे करायला इंजिन, पंखा आणि कवच लागलं, ते हा मासा अंगच्या बळावर करतो, हे त्यानेच मला सांगितलं.

खरं तर चोडणला लोक पक्षी बघून परत जातात. मला त्यांना बेटाच्या आत न्यायचं होतं, खाजन शेती दाखवायला. समुद्राची भरती मांडवीतून आत येते तेव्हा बेटाचा बराचसा भाग पाण्याच्या पातळीच्या खाली असतो. तरी तिथे भात पिकतं. शेकडो वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी चिखल, दगड आणि पेंढा वापरून बांध घातले आणि त्यात मानशी बसवली. मानस म्हणजे लाकडी दारं असलेली पाण्याची वाट. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दारं मिटतात आणि खारं पाणी बाहेर राहतं. सुकतीला आतलं पाणी दाराला ढकलतं आणि शेतातलं जादा पाणी नदीत जातं. कुणी उघडायला नको, कुणी लावायला नको. त्या वाटेवर जाळं लावून मासे आणि कोळंबी धरतात, आणि पूर्वी ती मानस लिलावाने दिली जायची, त्या पैशातून बांधांची डागडुजी व्हायची. पावसाळ्यात खारेपणा सोसणारं कोरगूट भात.

भावोजींना हे फार पटलं. सांगलीकडे त्यांनी कृष्णेचा पूर पाहिला आहे, २०१९ चा तर घरात पाणी आलेला. बांधावर उभं राहून ते म्हणाले, "पाणी अडवायचंही आणि सोडायचंही, दोन्ही एकाच दारात. चांगली डोकी होती ही." ठिकठिकाणी बांध फुटले आहेत, आत खारं पाणी शिरून शेतात खारफुटी वाढली आहे. बांध राखायला गावाने एकत्र यावं लागतं, आणि तरुण माणसं नोकरीला बाहेर. हे बघताना वाईट वाटतं. खारफुटी हवीच, पण जिथे पिढ्यानपिढ्या भात होतं तिथे भातच हवं, असं माझं मत आहे.

दुपारी चोडणमध्येच एका घरगुती खानावळीत जेवलो. सुंगटांचं हुमण म्हणजे कोळंबीची आमटी, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, सोलकढी. आईसाठी मुगागाठी, म्हणजे मोडाच्या मुगाची आमटी. संध्याकाळी परतीच्या बोटीत दोघं पोरं गाडीतच झोपली.

रविवार

आज आईचा दिवस. तिला नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला जायचं होतं. म्हापशाहून डिचोलीमार्गे रस्त्याने सरळ जाता येतं. आम्ही जुनं गोवं आणि दिवाडी बेट घेऊन गेलो, म्हणजे दोन नद्यांच्या फेऱ्या मिळतात.

बॉम जेजू बॅसिलिकेत रविवारची प्रार्थना चालू होती, म्हणून बाहेरूनच बघितली. १५९४ ते १६०५ मध्ये बांधलेली, गिलावा काढलेली, उघड्या जांभ्याची. समोर सें कॅथेड्रल, त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये पडला तो परत उभारला नाही. मुलांना तो एकांगी चेहरा विचित्र वाटला. तिथून उताराने खाली नदीकडे गेलं की व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना १५९९ मध्ये ती उभारली. नदीकडच्या बाजूला वास्कोचा पुतळा. पोर्तुगालहून येणारा प्रत्येक नवा व्हाइसरॉय गलबतातून इथे उतरायचा आणि या कमानीतून शहरात शिरायचा. आज त्याच कमानीखालून आपण उलट जातो, शहरातून नदीकडे, आणि पुढे लगेच दिवाडीच्या फेरीबोटीचा धक्का.

गाडी डेकवर चढली तेव्हा भाची म्हणाली, "आपणच व्हाइसरॉय." आई म्हणाली, "त्यांच्यासारखं नको बाई. त्यांनी देवळं पाडली."

आणि आई पुढे सांगत गेली, कारण हे तिला वाचून पाठ होतं. सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा कुलदेव, मूळ देऊळ दिवाडीवर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते मोडलं. लिंग विहिरीच्या कामाला वापरलं गेलं असं सांगतात. नंतर भाविकांनी ते सोडवलं आणि होडीतून नदीपलीकडे नार्व्याला नेलं, जिथे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. मंगेशी कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून, गोव्याचे कितीतरी देव असेच नदी ओलांडून गेले. पलीकडचा काठ म्हणजे दुसरं राज्य होतं.

दिवाडीची घरं, पिएदादच्या टेकडीवरचं चर्च, शेजारच्या दफनभूमीत दिसणारे कदंबकालीन मंदिराचे कोरीव अवशेष, वरून दिसणारी नदी आणि शेतं. उन्हं चढायच्या आत बघून घेतलं. मग नारोवाच्या टोकाला दुसरी फेरीबोट. इथे नदीचा फाटा अरुंद आहे. एक खनिजाची बार्ज आधी जाऊ द्यावी लागली, तिच्यासमोर आमची बोट कागदाची वाटली. खलाशाने आईला हात दिला, "सवकास, सवकास." या वेळी ती गाडीत बसायला तयार नव्हती. कठडा धरून उभी राहिली.

नार्व्याचं देऊळ झाडीत लपलेलं आहे. दीपस्तंभ, उतरतं कौलारू छप्पर, वर छोटा घुमट. राज्य सरकारने जीर्णोद्धार करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं केलं. दारावरचा शिलालेख आईने चष्मा सावरून वाचला. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, शिवरायांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ. म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. महाराज तेव्हा डिचोलीच्या भागात होते, आणि पोर्तुगीजांच्या हद्दीच्या अगदी काठावर, पोर्तुगीजांनी ज्याचं देऊळ मोडलं त्याच देवाचं देऊळ महाराजांनी बांधायला काढलं. रायगड, प्रतापगड आम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. पण इथे हा लेख दारावर जागच्या जागी आहे, रोज लोक त्याखालून आत जातात. गाभाऱ्यात पैलू असलेलं धारालिंग. आईने अभिषेक केला, भावोजींनी मुलांना लेखातला एकेक शब्द फोडून सांगितला.

परत येताना रस्त्याने यायचं की दोन बोटींनी, असं विचारलं. मुलांचं उत्तर ठरलेलं होतं, आणि आईनेही त्यांचीच बाजू घेतली. नारोवाच्या धक्क्यावर थोडा वेळ थांबावं लागलं. तेवढ्यात भाच्याने वहीत फेरीबोटीचं चित्र काढलं, रॅम्प, वरची केबिन, डेकवर आमची गाडी.

जाणार असाल तर काही गोष्टी. चोडणच्या होडीसाठी भरतीची वेळ आधी विचारून घ्या. जुन्या गोव्यात सकाळी लवकर पोचा, दहानंतर बसेस येतात. दिवाडी आणि नार्व्याला दुपारी खायला फारसं मिळत नाही, डबा बरोबर असू द्या. शेवटच्या बोटीची वेळ मार्गागणिक वेगळी असते, ती धक्क्यावर उतरतानाच विचारा. गाडी नसली तरी अडत नाही. पणजीहून रायबंदर आणि जुन्या गोव्याला बसेस भरपूर आहेत आणि बोटीवर पायी चढता येतं. आणि दिवाडीचा बोंदेरा हा उत्सव ऑगस्टमधल्या चौथ्या शनिवारी असतो. त्या दिवशी गाडी अलीकडच्या काठावर ठेवून पायीच पलीकडे जा. ताईने आत्ताच त्यासाठी रजा टाकायचं ठरवलं आहे.